ओल्या जमिनीपलीकडचे कपाट

१

शनिवार, दुपारचे एक वाजून दहा मिनिटे. स्थळ: जुन्या छोट्या रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनातील मास्तरांची खोली. या वेळी आणि या ठिकाणी चार प्रौढ माणसे, ओल्या जमिनीवर टाकलेल्या फळ्यांवर तोल सांभाळीत, भिंतीतल्या कपाटासमोर उभी होती आणि आतल्या रिकाम्या चामडी पिशवीकडे पाहत होती.

पिशवीत पितळी गोळा असायला हवा होता. मोठ्या संत्र्याएवढा, चांगला जड, शंभर वर्षांच्या हाताळण्याने गुळगुळीत झालेला. एकेरी रुळावर ज्या ड्रायव्हरच्या हाती हा गोळा, त्यालाच पुढच्या स्टेशनापर्यंत गाडी नेण्याचा अधिकार. आणि गोळा एकच असल्यामुळे समोरून दुसरी गाडी येण्याची भीती नाही, अशी त्यामागची सरळ व्यवस्था. रेल्वे बंद पडून पंचवीस वर्षे लोटली, हौशी मंडळींच्या समितीने ती पुन्हा उभी करायला घेतली, इमारतींच्या दुरुस्तीचे काम ठेकेदाराकडे आले, आणि उद्या, रविवारी दहा वाजता, पहिली गाडी सुटायची होती.

ड्रायव्हरने पिशवी चाचपली. इंजिनात कोळसा नसता तर तो त्याने उसना आणला असता, पाणी नसते तर बादलीने भरले असते. पण नियम उसना मिळत नाही.

"गोळा नाही, तर गाडी नाही," तो म्हणाला. "पाच वाजता इंजिन यार्डात फिरवून बघायचंय. त्याला गोळा लागत नाही." आणि आलेल्या फळीवरून तो परत गेला.

"कुलूप?" समितीच्या सचिवांनी विचारले.

"शाबूत होतं. तुमच्यासमोरच उघडलं," मास्तर म्हणाले.

"किल्ली?"

"एकच. माझ्या आतल्या खिशात."

"मग कोणीतरी येऊन..."

"कुठून?" मास्तरांनी खाली बोट दाखवले.

प्रश्न बिनतोड होता. खोलीत चुन्याची जमीन सकाळीच घोटून झाली होती. साडेनऊला मास्तरांनी गोळा पुसून कपाटात ठेवला. लगेच गवंडी काकांनी कपाटाच्या भिंतीपासून सुरुवात करून, मागे सरकत सरकत, दहाला दारापर्यंत काम आणले. आणि तेव्हापासून एक वाजेपर्यंत मास्तर दारात खुर्ची टाकून पहारा देत होते. खोलीला दुसरे दार नव्हते, खिडकीला गज होते. दह्याच्या कवडीसारख्या त्या जमिनीवर, आत्ता टाकलेल्या फळ्या सोडल्या तर, माणसाचे सोडाच, मांजराचेही पाऊल नव्हते.

ठेकेदाराने कपाटात डोके घालून पाहिले. आत अळशीच्या तेलाचा उग्र वास होता. दुसरे काही नव्हते.

सचिवांनी काखेतली नियमांची वही काढली. ती त्यांनी स्वतः लिहिली होती, त्यामुळे ती त्यांना तोंडपाठ असली तरी वाचून दाखवण्यात त्यांना समाधान मिळे. "कलम अकरा. गोळा हरवल्यास रक्षकाने त्याच दिवशी टोपी व शिट्टी समितीच्या स्वाधीन करावी. मास्तर, आज पाच वाजता. प्रतीक्षालयात."

रेल्वे बंद झाल्यावरही मास्तरांनी पंचवीस वर्षे, कोणी न सांगता, रोज सकाळी हा फलाट झाडला होता. त्यांनी टोपी काढली, तिच्या आतल्या झिजलेल्या अस्तराकडे जरा वेळ पाहिले आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. पाच वाजायला अजून अवकाश होता.

"आणि ठेकेदार," सचिव वही मिटत म्हणाले, "हे कपाट नव्याने केलं कोणी?"

"आमच्या सुताराने."

"म्हणजे तुमच्या मेहुण्याने."

ठेकेदाराच्या डोळ्यांपुढे प्रथम मेहुणा आला, त्याच्यामागून मेहुण्याची बहीण, म्हणजे स्वतःची बायको, आली, आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले. अशा प्रसंगी जगात एकच माणूस उपयोगी पडतो हे त्याला अनुभवाने माहीत होते. त्याने वहिनींना निरोप धाडला.

२

वहिनी म्हणजे ठेकेदाराच्या थोरल्या भावाची पत्नी. झालेले काम मोजून पाहणे ही त्यांची जबाबदारी. गवंड्याने भिंत बांधली, सुताराने दार बसवले, की वहिनी टेप घेऊन येत. आणि त्यांच्या टेपपुढे नात्यागोत्याला सूट नव्हती. स्वतःच्या स्वयंपाकघराचा ओटा अर्धा इंच उतरता निघाला तेव्हा त्यांनी तो दिराकडून दोनदा फोडून घेतला होता.

"भाऊजी, आधी घाम पुसा," त्या आल्या आल्या म्हणाल्या. "मास्तर, तुम्ही खुर्चीवरून उठलात का?"

"नाही."

"डुलकी?"

"वहिनी, मी चौतीस वर्षं नोकरी केली. डुलकी लागली असती तर तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असतं."

वहिनींनी मान डोलावली. मग फळीवरून कपाटाशी जाऊन त्यांनी आत डोके घातले, हुंगले, काडी ओढून पाहिले आणि पाठीमागच्या फळीवर बोट टेकवले.

"हे पाहिलंत का?"

ठेकेदाराने पाहिले. कपाटाच्या पाठीच्या फळीवर, आतल्या अंगाला, पेन्सिलीने काही मापे लिहिली होती, आणि मापांच्या शेजारी एक चित्र होते. चित्रातल्या गृहस्थाचे पोट फळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेले होते, मिशा झाडूसारख्या होत्या, आणि खाली सुबक अक्षरात लिहिले होते: 'दाजी रागावले.'

"हा मी आहे?" ठेकेदाराने विचारले.

"मिशा तुमच्याच आहेत."

"मी त्याला कामावरून काढतो. वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. आज त्याने माझं पोट काढलं, उद्या..."

"पोटाचं नंतर बघू. मला सांगा, हे कपाट भिंतीत किती खोल आहे?"

"पार पलीकडपर्यंत. पूर्वी इथे खिडकी होती, प्रतीक्षालयातून पार्सल द्यायची. तीत हे कपाट बसवलं. पलीकडून पाठीची फळी पाचरींनी अडकवली आहे. तिच्यासमोर, प्रतीक्षालयाच्या भिंतीत, पाटीएवढा चौकोन उघडा होता, तो काकांनी आज अकराच्या आत बुजवलासुद्धा. मी साडेअकराला स्वतः पाहिलं. त्यामुळे त्या बाजूने कोणी येण्याचा प्रश्न नाही."

"कशाने बुजवला?"

"पातळ विटा आणि वरून चुना. त्यावरून परवा केवढा तमाशा झाला. मेहुणा चुन्याच्या भिंतीला टेकणाऱ्या लाकडाला मागून तेल चोपडतो, ओल लागू नये म्हणून. काका म्हणाले, तेलावर माझा चुना धरत नाही, काय तुझ्या डोक्यावर लावू? शेवटी मीच तोडगा काढला. मध्ये विटांचा थर द्या, म्हणजे तेलाला चुना लागणारच नाही. दोघेही गप्प."

"चांगला तोडगा आहे," वहिनी म्हणाल्या, आणि हे वाक्य त्यांच्या तोंडून वर्षातून फार तर एकदा निघत असल्यामुळे ठेकेदार चित्राचा राग विसरून ताठ चालू लागला.

तो ताठपणा प्रतीक्षालयाच्या दारापर्यंतच टिकला. आत चार पावले टाकताच त्याचा गुडघा कशावर तरी इतक्या जोरात आपटला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"माझा ओळंबा," कोपऱ्यातून आवाज आला. "डोळे काय खिशात ठेवलेस?"

३

प्रतीक्षालय हा त्या स्टेशनाचा अभिमान होता, आणि त्याचे छत हा प्रतीक्षालयाचा. मधोमध चुन्यात उठवलेले मोठे कमळ, भोवती वेलबुट्टी. जुने छत ढासळले होते. काकांनी ते जुन्या फोटोवरून पाकळी पाकळी करून पुन्हा घडवले होते. कमळाच्या मध्यातल्या दिव्याच्या आकड्यापासून एक दोरी सरळ खाली आली होती. दोरीच्या टोकाला गोणपाटात गुंडाळलेले वजन, आणि त्याच्या खाली, उलट्या बादलीवर, चुन्याच्या भुकटीने भरलेले घमेले.

काकांनी येऊन झुलणारे वजन दोन्ही हातांनी थांबवले आणि भुकटी थापीने पुन्हा सपाट केली. त्यांच्या हाताखाली ठेकेदाराचे वडील काम शिकले होते. त्यामुळे ठेकेदाराला 'तू' म्हणणारा साइटवर तो एकच माणूस होता.

"मध्ये उभा राहू नकोस. भिंतीकडे हो. वहिनीबाई, तुम्ही पण."

बाकेही सगळी भिंतींना लावलेली होती. वहिनींनी ती पाहिली, छत पाहिले, काकांना आपादमस्तक पाहिले आणि भिंतीतल्या ओल्या चौकोनाशी जाऊन त्याला बोटाने हलकेच दाबले.

"हा तुम्ही बुजवलात?"

"मी."

"नीट?"

"काढून बघा," काका म्हणाले. "तुमचा जन्म त्यातच गेला."

"गोळा गेल्याचं कळलं?"

"कळलं. पण मला गोळ्याकडे बघायला सवड कुठे आहे? माझं लक्ष वर आहे." त्यांनी छताकडे बोट केले आणि ठेकेदाराकडे वळले. "तुला तीनदा सांगितलं."

"काका, बघू ना आपण."

"चौथ्यांदा बघू म्हणालास. मोजतोय मी."

ठेकेदाराने घाईने वहिनींना बाहेर चलण्याची खूण केली. परंतु वहिनी कोपऱ्याकडे निघाल्या होत्या. तिथे भिंतीला एक न बसवलेले दार तिरपे टेकवून ठेवलेले होते, आणि त्याच्या आडोशाला पातळ विटांची, वीतभर उंच आणि पुरुषभर लांब अशी एक रास होती. राशीवर घडी घातलेले पोते होते. पोत्याला डोक्याएवढा खळगा पडला होता.

"विटा किती मागवल्या होत्या?" त्यांनी विचारले.

"साठ."

वहिनींनी ओठांतल्या ओठांत मोजल्या. आकडा त्यांनी सांगितला नाही. "आता तुमच्या मेहुण्याला बोलवा," त्या म्हणाल्या. "आणि भाऊजी, चित्राबद्दल एक अक्षर काढू नका."

४

मेहुणा हातात रंधा घेऊन आला, म्हणजे आपण कामातून उठून आलो आहोत हे दिसावे. रंध्याच्या पात्याला कालचा भुसा चिकटलेला होता.

"दाजी, आधीच सांगतो, मी कपाटाला हात लावलेला नाही. दहा ते एक मी शेडमध्ये दारं तासत होतो. विचारा कुणालाही."

"कुणाला विचारू?"

"म्हणजे... तिथे कोणी नव्हतं. पण विचारा."

तेवढ्यात सचिवही वही घेऊन हजर झाले. "कपाट यानेच केलं. कुलूप यानेच बसवलं. साप साप म्हणून भुई धोपटण्यात अर्थ नाही, ठेकेदार. घरचाच माणूस आहे म्हणून तुम्हाला दिसत नाही."

"पण जमिनीवर पाऊल नाही, त्याचं काय?" ठेकेदार म्हणाला.

"सुतार लोक फळ्या टाकून जातात."

"मास्तरांच्या मांडीवरून?"

सचिवांनी वहीचे एक पान उलटले. "तपशील नंतर ठरतील," ते म्हणाले.

वहिनींनी मेहुण्याच्या खांद्याला धरून त्याला अलगद फिरवले. पाठीवर, पांढऱ्या सदऱ्यावर, विटकरी धुळीच्या आडव्या रेघा उमटल्या होत्या, सारख्या अंतराने, शिस्तीत.

"शेडमधली दारं विटांची आहेत का रे?"

मेहुण्याने रंधा खाली ठेवला. "वहिनी, ताईला सांगू नका."

"झोपलास किती वाजता?"

"दहा वाजता टेकलो. फक्त टेकलो. शेडमध्ये ऊन येतं हो. इथे दाराआड गार असतं."

"उठलास कधी?"

"आरडाओरडा झाला तेव्हा. एक वाजता."

"मध्ये काही ऐकलंस?"

मेहुण्याने खरोखरच आठवण्याचा प्रयत्न केला. आळशी माणूस असला तरी तो प्रामाणिक होता, झोपेपुरता अपवाद सोडून. "पाचर ठोकल्यासारखं ठकठक वाजलं. काका गुणगुणत होते. एकदा पोत्याखालची वीट कुणी तरी ओढून पाहिली, मी कूस बदलली, मग सोडून दिली. मला वाटलं स्वप्न."

"आणि आता शेवटचं," वहिनी म्हणाल्या. "फळीवर तू मापं कुठल्या अंगाला लिहितोस?"

"मागच्या. दिसत्या अंगाला पेन्सिल लावली तर बाबांनी हात तोडला असता."

"फक्त मापं?"

मेहुण्याने दाजींकडे चोरून पाहिले. "आणि... मनात येईल ते. भिंतीकडे तोंड असतं, वहिनी. पन्नास वर्षं कुणाला दिसत नाही. ह्या स्टेशनातल्या प्रत्येक चौकटीमागे काही ना काही आहे."

ठेकेदाराने तोंड उघडले, वहिनींनी टेपची पट्टी त्याच्यापुढे धरली, तोंड मिटले.

त्या बाहेर फलाटावर गेल्या. मास्तर बाकावर बसून, रुमालाने, शिट्टी चकचकीत करीत होते. स्वाधीन करायची तर ती स्वच्छ असावी, असा त्यांचा विचार असावा. वहिनी थोडा वेळ त्यांच्या शेजारी बसल्या.

"टोपी इतक्यात काढू नका, मास्तर," त्या म्हणाल्या. "गोळा कुठे आहे ते मला कळलंय. भाऊजींना तर तो लागलाही आहे."

५

पाच वाजायला पाच मिनिटे कमी असताना सगळे प्रतीक्षालयात जमले. काकांच्या आज्ञेने सगळे भिंतीलगतच्या बाकांवर बसले. सचिवांना मात्र अध्यक्षपणाची हौस असल्यामुळे ते मांडीवर वही उघडून, खुर्ची थोडी पुढे ओढून बसले. फलाटापलीकडे इंजिनाची वाफ सुस्कारे टाकीत होती.

"कलम अकरा," सचिवांनी सुरुवात केली.

"आधी कपाट," वहिनी म्हणाल्या. "जमिनीवर पाऊल नाही, मास्तर दारातून हलले नाहीत, कुलूप शाबूत. म्हणजे पुढून कोणी आलं नाही. राहिली मागची बाजू."

"ती बुजवलेली आहे," ठेकेदार म्हणाला. "विटांनी."

"विटा साठ आल्या आणि साठ आहेत. मी मोजल्या. एकही भिंतीत गेलेली नाही." वहिनींनी ओल्या चौकोनाकडे पाहिले. "म्हणजे चुना थेट लाकडावर बसलाय. पण फळीच्या मागच्या अंगाला तेल होतं, आणि तेलावर चुना धरत नाही हे आपण परवा घसा बसेपर्यंत ऐकलं. तरी हा चौकोन दगडासारखा घट्ट आहे. कसा?"

वहिनींनी टेपच्या टोकाने चौकोनावर टकटक केले.

"कारण फळी उलटी आहे. तेलाचं अंग कपाटात गेलंय, कोरडं अंग इकडे आलंय. म्हणून कपाट उघडल्यावर तेलाचा वास आला. आणि म्हणूनच भाऊजींचं चित्र, जे पन्नास वर्षं कुणाला दिसायचं नव्हतं, ते आज दुपारी भाऊजींनाच दिसलं. कुठला सुतार मालकाचं असलं चित्र स्वतःच्या हाताने दर्शनी बाजूला लावील?"

"मी लावीन का?" मेहुणा कळवळून म्हणाला. "दाजी, त्यात पोट जरा मोठं झालंय. फळीच रुंद होती."

"तर फळी पलीकडून, म्हणजे ह्या खोलीतून, काढली. हात घालून पिशवीतला गोळा घेतला. आणि फळी परत लावताना मुद्दाम उलटी केली. हे सुताराने केलं नाही. मास्तरांना सुचलं नसतं. सचिवांना तेल आणि चुना ह्यांचं वैर ठाऊक नाही. त्यांचं वैर माणसांशी असतं. फळी उलटी करायची बुद्धी एकालाच होते: ज्याला तिच्यावर लगेच चुना धरायला हवा होता, आणि विटा हव्या असून घेता आल्या नाहीत, कारण विटांवर एक जण घोरत होता."

सर्वांच्या माना काकांकडे वळल्या. काका वर पाहत होते.

"पण गोळा?" सचिवांनी विचारले. "गोळा कुठे आहे?"

"काका," वहिनी म्हणाल्या, "तुमचा ओळंबा कुठे असतो?"

काकांनी कमरेला हात लावला. तिथे, गेली चाळीस वर्षे असे तसा, त्यांचा लोखंडी ओळंबा सुतळीसकट खोचलेला होता.

"मग हा दुसरा कोणाचा?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. ठेकेदाराच्या बाबतीत कळसा गुडघ्यालाच लागला होता. तो लंगडत पुढे झाला, त्याने गोणपाटाची गाठ सोडली आणि आतून पितळी गोळा चमकला. मास्तर अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

"राहू दे तिथेच," काका म्हणाले. "पाच वाजू देत."

"काका, का?" ठेकेदाराने विचारले.

"का म्हणून विचारतोस? हे छत बसवून आज पंधरा दिवस झाले. चुन्याला एकवीस लागतात. मी सांगत नाही, चुना सांगतो. उद्घाटन पुढच्या रविवारी होतं, तेव्हा मी निर्धास्त होतो. मग ह्या सचिवांना पाहुणे लवकर मिळाले आणि हे म्हणाले एक आठवडा अलीकडे घ्या. तू काय म्हणालास?"

ठेकेदाराला ते स्पष्ट आठवत होते. तो 'हो' म्हणाला होता. सचिवांना 'हो' आणि काकांना 'बघू'. त्याच्या धंद्याचा सगळा गाडा या दोन शब्दांवर चालत असे.

"मला वाटलं, गोळा नाही तर गाडी नाही. एक आठवडा जाईल, मी गोळा आणून देईन आणि हवी ती शिक्षा घेईन. मास्तरांच्या टोपीचं मला ठाऊक नव्हतं. तीन वाजता कळलं." काकांनी प्रथमच मान खाली घातली. "मास्तर, मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पाचला इंजिन फिरणार होतं. म्हटलं, माझ्या तोंडचं कोणी ऐकत नाही, निदान डोळ्यांनी बघतील. जड काही तरी टांगायला हवंच होतं. हलकं असतं तर वाऱ्यानेही हललं असतं."

"ह्या सगळ्या सबबी आहेत," सचिव म्हणाले. "छत चांगलं भक्कम दिसतंय. मी..."

बाहेर शिट्टी झाली. इंजिन यार्डातून निघाले आणि प्रतीक्षालयाच्या भिंतीपासून दहा हातांवरच्या रुळावरून, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, पुढे गेले. खिडक्यांची तावदाने गुणगुणली. गोळा प्रथम थरथरला, मग त्याने कष्टाने ठरवल्यासारखी हालचाल केली, आणि घमेल्यातल्या सपाट भुकटीत त्याच्या बुडाने एक बारीक रेघ ओढली. इंजिन उलटे फिरले, परत आले. दुसरी रेघ पहिलीपेक्षा लांब उठली. मग वरून अगदी हलका, खाऊच्या कागदासारखा आवाज आला, कमळाची एक पाकळी सुटली आणि सचिवांच्या मांडीवरच्या उघड्या वहीत, कलम अकराच्या बरोबर मधोमध, पडून फुटली.

सचिवांनी वही झटकली. मग वर पाहिले. मग खुर्ची हळूच भिंतीपर्यंत मागे नेली.

"हे नुसतं इंजिन," काका म्हणाले. "उद्या मागे चार डबे आणि इथे खाली चाळीस पाहुणे."

ठेकेदाराला आपला गुडघा दुखत असल्याचे पुन्हा जाणवले, आणि ते काहीसे सोयीचेही वाटले. निदान मान खाली घालायला निमित्त होते.

"वहिनी," तो अखेरीस म्हणाला, "मोजमाप सांगून टाका."

"काकांनी गोळा सहासात तास घेतला आणि ह्याच खोलीत ठेवला. तुम्ही चुन्याचा एक आठवडा घेतलात, तो कुठे ठेवलात ते तुम्हालाच माहीत. उद्यापासून 'बघू' म्हणायचं झालं तर लेखी म्हणायचं." मग त्या सचिवांकडे वळल्या. "कलम बारा काय म्हणतं?"

सचिवांनी चुन्याचा चुरा फुंकून पान उलटले. आपलेच अक्षर वाचताना त्यांचा आवाज प्रथमच उतरला. "मार्ग व इमारत सुरक्षित असल्याची खात्री झाल्याखेरीज रक्षकाने गोळा देऊ नये. याबाबत रक्षकाचा शब्द... अखेरचा."

मास्तर उठले. त्यांनी दोरीची गाठ सोडली, गोळा रुमालाने पुसला, त्यावरचा चुना नखाने काढला आणि तो दोन्ही हातांत धरून काकांसमोर उभे राहिले. "मला विचारलं असतंत तर मी स्वतः लपवून ठेवला असता," ते हळूच म्हणाले. काकांनी त्यांच्या टोपीवर पडलेली भुकटी बोटांनी झटकली.

दारात ड्रायव्हर येऊन उभा राहिला. हात तेलाने काळे, चेहरा समाधानी.

"इंजिन झकास आहे," तो म्हणाला. "गोळा मिळाला?"

"मिळाला," मास्तर म्हणाले.

"मग उद्या दहाला?"

मास्तरांनी टोपी सरळ केली.

"नाही. छत ओलं आहे. गाडी पुढच्या रविवारी सुटेल."